'काला पत्थर' : वाचवतो कोण, मरतो कोण?

(भिवंडीतल्या बैठकीत केलेलं भाषण)



'काला पत्थर' तुमच्यातल्या बहुतेकांनी पाहिलाय. यश चोप्रांचा, सलीम-जावेदनं लिहिलेला, १९७९ चा पिक्चर. कोळशाच्या खाणीत पाणी घुसतं, माणसं अडकतात. अमिताभ, शशी कपूर, शत्रुघ्न त्यांना काढायला झटतात.

आधी चांगलं सांगतो. हिरो इथं हातानं काम करतो, तोंड काळं होतं. पुढं खोदू नका, पाणी आहे, असं इंजिनियर बजावतो आणि मालक कोळशाचा हिशोब बघतो. म्हणजे अपघात देवानं केला नाही, हे पिक्चर उघड सांगतो. पाणी फुटल्यावर पोटात गोळा येतो. एवढं श्रेय द्यायलाच पाहिजे.

आता खोट. अमिताभचा विजय जहाजाचा कॅप्टन. वादळात प्रवाशांना टाकून पळालेला, ती टोचणी घेऊन खाणीत आलेला. आम्ही गोदीवाले कॅप्टनला ओळखतो. हुकूम त्याचा, जहाजाच्या पोटात उतरायचं आम्ही. पिक्चरमध्ये शेकडो कामगार बुडतात ते जणू ह्या कॅप्टनचं पाप धुवायला! पिढ्यानपिढ्या कोळसा फोडणाऱ्यानं फक्त ओरडायचं आणि वाट बघायची. त्याची जात कुठली, गाव कुठलं, कुणी विचारत नाही.

दुसरी खोट मोठी. पिक्चरला आधार चासनाल्याचा. धनबादजवळची खाण, २७ डिसेंबर १९७५, आणीबाणीचे दिवस. शेजारच्या जुन्या खाणीत साठलेलं पाणी फुटून आत आलं. पावणेचारशेच्या घरात माणसं गेली. अडकलेल्यांतलं जिवंत कुणीच निघालं नाही. आणि तिथं कुणी प्रेम चोप्रा मालक नव्हता. कंपनीचा कारभार १९७२ पासून सरकारच्या ताब्यात होता. पिक्चरनं सगळं पाप एका शेठच्या गळ्यात घातलं, सरकार सुटलं. पब्लिक शिट्ट्या मारत घरी गेलं.

खरा बचाव कसा होतो ते बघा. २०२३ मध्ये उत्तराखंडात सिलक्याऱ्याच्या बोगद्यात ४१ कामगार १७ दिवस अडकले. भलंमोठं मशीन मोडलं. शेवटचा ढिगारा हातानं उकरला तो पाइपलाइनसाठी जमिनीखाली खोदणाऱ्या मजुरांनी. आपल्या भिवंडीत २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडची जिलानी इमारत कोसळली, तेव्हाही आधी धावले ते शेजारीपाजारी. आणि गटारात माणूस गुदमरला की त्याला काढायला त्याचाच साथीदार उतरतो. बऱ्याचदा तोही वर येत नाही. तिथं ना कॅमेरा, ना कॅप्टन.

तेव्हा पिक्चर जरूर बघा, शिट्टीही मारा. पण बाहेर पडताना दोन सवाल करा. धोका आहे हे कुणाला आधीच ठाऊक होतं? आणि ठाऊक असून खाली कुणाची पोरं धाडली? ह्या सवालांना भिडणारा पिक्चर आपल्यातल्याच कुणाला तरी लिहावा लागेल.