हप्ता का चुकला, आधी ते विचारा
(प्रभाग संघाच्या मासिक सभेतील भाषण)



तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्या आईच्या वयाच्या आहेत. म्हणून मी शिकवायला नाही, बोलायला उभी आहे.

गटातली एखादी सदस्य सभेला यायची बंद होते. आपण म्हणतो, तिला गटाची गोडीच नाही. पण तिची शेवटची सभा आठवून बघा. हप्ता थकला होता आणि सगळ्यांसमोर विचारलं गेलं, "बाकीच्यांना जमतं, तुलाच का जमत नाही?" ती मान खाली घालून बसली. पैसे थकले म्हणून ती गेली नाही, मान गेला म्हणून गेली.

समोरचीच्या मनात काय चाललंय ते ओळखणं आणि आपला राग आवरून बोलणं, याला पुस्तकात भावनिक बुद्धिमत्ता म्हणतात. आपण समजूतदारपणा म्हणतो. अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांच्याकडे तो असला की बायका गट सोडत नाहीत.

लिज्जत पापडाचंच बघा. १९५९ साली मुंबईत गिरगावात ७ जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली. आज तिथे हजारो बायका आहेत. पापड लाटणारीला तिथे कामगार म्हणत नाहीत, भगिनी म्हणतात. नफ्या-तोट्यात तिचा वाटा असतो. पण पापड नीट नसेल तर तो घेतला जात नाही. मानही आहे आणि शिस्तही आहे.

मग आपण नियम ढिले करायचे का? अजिबात नाही. सभा, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोब ही पंचसूत्री सोडायची नाही. एकीचा हप्ता माफ केला तर बाकीच्या नऊ जणींवर अन्याय होतो. नियम तोच ठेवा, विचारायची रीत बदला.

एक, हप्ता चुकला तर सभेआधी तिला एकटीला गाठून विचारा. दवाखाना, पेरणी, घरातलं भांडण, काहीही असू शकतं.
दोन, तिची अडचण गावभर करू नका. मुदत वाढवायची तर गटाने ठराव करून नोंदवहीत लिहा.
तीन, मसाला, पापडाच्या कामात चूक झाली तर बाजूला घेऊन सांगा. काम चांगलं झालं तर सगळ्यांसमोर नाव घ्या.

पुढच्या सभेआधी एवढं करा. जी दोन सभांना आली नाही, तिच्या घरी जा. जाताना वही मात्र घरी ठेवा.