लोखंडी नांगर आणि स्वतःचा कौल
(मनावर येथे दिलेल्या व्याख्यानावरून)



मराठीच्या अध्यापकाने उद्योगधंद्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण १९२० साली 'किर्लोस्कर खबर' या नावाने निघालेले एका कारखान्याचे पत्रक पुढे मराठीतील मातब्बर मासिक झाले. 'स्त्री' आणि 'मनोहर' ही त्याची धाकटी भावंडे. तेव्हा कारखाना आणि वाचनालय यांचे नाते वाटते तितके दूरचे नाही.

या कारखान्याचे जनक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ चा. चित्रकार व्हावे म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. रंग ओळखण्यात आपला डोळा अधू आहे, हे ध्यानी येताच त्यांनी रंग सोडले. रेषा मात्र सोडली नाही. यांत्रिक रेखाटन शिकून ते व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत अध्यापन करू लागले. हा प्रसंग सहसा ओझरता सांगितला जातो. मला तो साऱ्या चरित्राची किल्ली वाटतो. आपली कोणती पारख खरी आणि कोणती लंगडी, याचा निवाडा या माणसाने तरुणपणीच केला होता.

पुढे बेळगावात बंधू रामूअण्णांसह त्यांनी सायकलींचा व्यापार केला. तो सोडून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि मग लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी शेतकऱ्यांची समजूत! पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांचा विचार करावा. भांडवल अडकलेले, आणि ज्याच्यासाठी खटाटोप तोच पाठ फिरवतो. अशा वेळी स्वतःवर भिस्त ठेवणे म्हणजे हट्ट नव्हे काय?

माझ्या मते नव्हे. आपल्या निमाडातल्या काळ्या जमिनीत नांगर धरलेल्यांना हे सांगायला नको. लाकडी नांगर वरवर ओरखडतो, हरळी-कुंद्याच्या मुळ्या खालीच राहतात. नांगराचे काम जमिनीत होते आणि जमीन लक्ष्मणरावांच्या बाजूची होती. शेतकऱ्याचा नकार अनुभवाचा नव्हता, भयाचा होता. नांगर वापरून कोणी परत आणून टाकला असता, तर गोष्ट निराळी; तेव्हा ऐकायलाच हवे होते. नकारांतला हा भेद ज्याला कळत नाही, त्याने स्वतःच्या अंदाजावर पेढी पणाला लावू नये.

बेळगावची जागा नगरपालिकेने घेतली, तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी मदतीला आले. ते स्वतः चित्रकार. रेषेची पारख रेषेला पटली असावी. १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२६ मध्ये पंप आला. अमेरिकेतून यंत्रविद्या शिकून आलेले चिरंजीव शंतनुराव यांच्या काळात, १९४६ साली पुण्यात तेल-इंजिनांचा आणि बंगळुरात विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. सायकलीपासून निघालेले घराणे कुठे पोहोचले!

येथे बसलेल्या तरुणांपैकी कित्येकांच्या हाती वडिलांची पेढी, कुणाच्या हाती कपाशीचे जिनिंग आले आहे. धंद्याची कूस पालटावी का, हा प्रश्न घरोघर आहे. देवासला किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आहे. तो जरूर पाहावा. त्याआधी मात्र 'किर्लोस्कर'चे जुने बांधीव अंक कुठे मिळाले तर चाळावेत, त्यातल्या जाहिरातींसकट.