जीव घाबरतो तेव्हा शरीरात काय घडतं?

(विष्णुपुरी येथे महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



‘छातीत धडधडतं, झोप लागत नाही,’ असं बाया मला गावोगाव सांगतात. घरचे म्हणतात, ‘हिला काही झालं नाही, मनाचे खेळ आहेत.’ म्हणून आज शरीराचं काम समजून घेऊ.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक लहान ग्रंथी असते. शेतात साप दिसला की मेंदूचा निरोप मज्जातंतूंवाटे क्षणात तिथे पोहोचतो. अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात उतरतं, काळीज धडधडतं, पाय पळायला तयार होतात. दुसरा निरोप सावकाश जातो. मेंदूतला हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला सांगतो, ती रक्तावाटे याच ग्रंथींना कळवते आणि काही मिनिटांत कॉर्टिसॉल वाढतं. ते रक्तात साखर आणून ताकद पुरवतं. कॉर्टिसॉल पुरेसं झालं की तेच मेंदूला थांबायला सांगतं. टाकी भरली की आपण मोटार बंद करतो, तसं.

साप गेला की शरीर शांत होतं. पण भीती जातच नसेल तर?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ७,००० हून अधिक माणसं गेली. जमीन थांबली, तरी वाचलेल्यांना छपराखाली झोपायची भीती वाटे. ती भीती सगळ्यांना समजली, कारण भूकंप सगळ्यांनी अनुभवला होता. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याची पावलं मात्र बाई एकटीच ऐकते. तिच्या शरीरातली मोटार रोज रात्री चालू होते. असं वर्षानुवर्षं चाललं की झोप, पाळी, रक्तदाब, साखर सगळ्यांवर परिणाम होतो.

धडधड रक्त कमी असल्यानं किंवा थायरॉईडमुळेही होते. म्हणून आधी तपासणी करा. इथंच विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. झोप, मोकळं बोलणं, सावकाश श्वास यांनीही आराम पडतो. पण मार चालूच असेल तर नुसत्या गोळीनं भागणार नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानं संरक्षणाचा आदेश मागता येतो, राहत्या घरातला हक्कही मागता येतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तिच्यासोबत आपण जाऊ शकतो.

तेव्हा यापुढे कुणी बाई धडधडीची तक्रार घेऊन आली, तर ‘टेन्शन घेऊ नको’ म्हणून तिला परत पाठवू नका. तिला जवळ बसवा आणि विचारा, ‘बाई गं, तुला भीती कशाची वाटते?’