हेडचे चार नट



आज मी पाण्याच्या इंजनाबद्दल बोलणार आहे. मी काही मोठा मिस्त्री नव्हे. तुमच्यासारखाच शेतकरी आहे. पण या कामात मी एकदा चांगलीच ठेच खाल्ली आहे. ती तुम्हाला लागू नये, म्हणून बोलतो.

आता बहुतेक विहिरींवर विजेच्या मोटारी आल्या. तरी पुष्कळांच्या खोपीत डिझेलचं इंजन अजून आहे. ५ हॉर्सपॉवरचं, एका सिलिंडरचं. वीज गेली, की त्याचीच आठवण होते. आणि बिघडलं, की आपणच पाना घेऊन बसतो. बसावं. त्यात वाईट काही नाही. पण कसं बसावं, ते ऐका.

गोष्ट २०१४ सालच्या फेब्रुवारीतली. माझा दोन एकर गहू चिकात आला होता. या वेळी गव्हाला पाणी चुकवून चालत नाही. नेमकं त्याच आठवड्यात इंजन दम धरीना. हँडल मारलं, तर ते हाताला जड लागायचं, ते लागेना. कसंबसं सुरू झालं, तर इंजन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्यात बुडबुडे दिसू लागले. थोरला भाऊ म्हणाला, "हेडचं गास्केट गेलं." त्याचं म्हणणं बरोबर होतं.

गास्केट म्हणजे काय? इंजनाच्या सिलिंडरवर जे जड झाकण असतं, ते हेड. सिलिंडर आणि हेड यांच्यामध्ये एक पातळ चकती असते. ती गास्केट. बरणीला आपण दादरा बांधतो ना, हवा आत जाऊ नये म्हणून? तसंच हे. फरक एवढाच, की इथं आतला जाळ बाहेर येऊ द्यायचा नसतो आणि बाहेरचं पाणी आत जाऊ द्यायचं नसतं.

मिस्त्री दुसऱ्या गावी गेला होता. तो तीन दिवस यायचा नव्हता. आम्ही तालुक्याहून नवं गास्केट आणलं. हेड उघडलं, गास्केट बसवलं, आणि नट आवळले. कसे आवळले? पान्याला दोन हात लांब लोखंडी पाइप लावला. पहिला नट शेवटपर्यंत करकचून आवळला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याच्या शेजारचा. मग चौथा. मनाला बरं वाटलं. म्हटलं, आता हे हलत नाही.

दोन तास इंजन चाललं. मग पुन्हा बुडबुडे. गास्केट एका अंगाला जळून गेलं होतं.

दुसरं गास्केट आणलं. या वेळी जोर आणखी लावला. तिसऱ्या नटाला टक् असा आवाज झाला आणि पाना एकदम हलका झाला. स्टड तुटला होता. निम्मा तुकडा इंजनातच अडकला. तो लेथवर नेऊन काढावा लागला. या सगळ्यात अकरा दिवस गेले. गव्हाला पाणी मिळालं नाही. दाणा चिमला. दर वर्षीच्या निम्मा गहू हाती आला. नट सैल राहिला म्हणून हे झालं नाही. मी जोर केला म्हणून झालं.

मिस्त्री आला तेव्हा त्यानं गास्केट हातात घेऊन पाहिलं. मला म्हणाला, "अरे, तू भजनात पखवाज वाजवतोस ना? मग पखवाज सुरात कसा आणतोस?"

मी म्हणालो, "गजऱ्यावर हातोडी मारतो."

"एकाच जागी मारतोस का?"

"नाही. इकडे एक हलका ठोका, मग समोरच्या बाजूला एक. असं फिरून फिरून."

"एकाच बाजूला ठोकत बसलास तर?"

"पुडी एका अंगाला ओढली जाईल. सूर फाटेल."

"मग इंजनावरच तुला का अवदसा आठवली?"

मला काही उत्तर देता आलं नाही.

आता त्या नटांवर केवढा भार येतो, ते पाहा. आपल्या इंजनाच्या सिलिंडरचं तोंड साधारण ८० मिलिमीटर रुंद असतं. म्हणजे चार बोटांहून थोडं जास्त. त्या तोंडाचं क्षेत्र भरतं ५० चौरस सेंटिमीटर. आत डिझेल पेटतं तेव्हा दर चौरस सेंटिमीटरवर ६० किलोच्या आसपास दाब येतो. ६० गुणिले ५० म्हणजे ३,००० किलो. शंभर किलोची ३० पोती! एवढी पोती हेडला खालून वर ढकलतात. एकदा नव्हे. इंजन मिनिटाला १,५०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांना एकदा आत जाळ होतो. म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. हे सगळं ते चार नट धरून ठेवतात.

मग जोर नको का लावायला? लावायला हवा. पण किती, ते ठरलेलं असतं.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. नट आवळला, की त्याखालचा लोखंडी स्टड थोडासा ताणला जातो. हो, लोखंडसुद्धा ताणतं. केसाएवढंच, डोळ्यांना दिसत नाही. ताणलेला स्टड मागं यायला बघतो, आणि त्या ओढीनं हेड खाली दाबून धरतो. बाजेचं सुंभ ताणलं, की बाज कशी ताठ होते, तसं. कमी ताणलं तर हेड उचललं जातं आणि जाळ बाहेर फुटतो. जास्त ताणलं तर स्टडची ओढच मरते. तो लांब होतो आणि पुन्हा आखडत नाही. मग तो तुटतो, नाही तर त्याचे आटे जातात. आणि एका बाजूनं जास्त आवळलं तर हेड वाकडं बसतं. माझं तेच झालं होतं.

तेव्हा काम असं करावं.

इंजन पूर्ण थंड होऊ द्या. गरम हेड उघडलं तर ते वाकू शकतं. पाणी काढून टाका. नट सोडतानासुद्धा एकदम एक नट सोडू नका. सगळे थोडे थोडे सैल करा. जुनं गास्केट चिकटलेलं असेल तर छिनी लावू नका. लाकडाच्या किंवा पितळेच्या पट्टीनं काढा. आणि एक सांगतो, हे कानात साठवून ठेवा. जुन्या गास्केटात ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ श्वासातून छातीत गेली, तर पुढं कित्येक वर्षांनी कॅन्सर होऊ शकतो. म्हणून ते कोरडं घासू नका, तोंडानं फुंकू नका. ओलं करून काढा. पोरांना जवळ बसवू नका.

दोन्ही तोंडं स्वच्छ पुसा. पोलादी पट्टी आडवी ठेवा आणि तिच्याखालून उजेड दिसतो का ते पाहा. उजेड दिसला तर हेड वाकलं आहे. ते लेथवाल्याकडे न्या. नवं गास्केट त्यावर कितीही चांगलं घाला, टिकायचं नाही. उतरवलेलं जुनं गास्केट परत घालू नका. आठ आण्यांच्या बचतीसाठी बैल विकण्यासारखं ते होतं.

आटे साफ करणं हे काम सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. पण खरी मेख तिथंच आहे. आट्यांत गंज असला, तर तुमचा निम्मा जोर गंजच खातो. पाना घट्ट लागतो, पण स्टड ताणलेलाच नसतो. तारेच्या ब्रशनं आटे घासा. नट हातानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे. तेल लावायचं की नाही, ते इंजनाच्या पुस्तिकेत पाहा. तेल लावलं, की तेवढ्याच जोरात स्टड जास्त ताणतो. काही इंजनांत स्टडऐवजी बोल्ट असतात. त्यांच्या भोकांत तेल किंवा पाणी साचू देऊ नका. बोल्ट खाली गेला, की त्या पाण्याला वाट राहत नाही, आणि लोखंड तडकतं.

मग हेड ठेवा. चारही नट आधी हातानं लावा. आता पाना घ्या. एका कोपऱ्याचा नट थोडा आवळा. मग त्याच्या समोरच्या कोपऱ्याचा, कोनाकोनी. मग उरलेले दोन. ही झाली एक फेरी. जोर ठरलेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. दुसऱ्या फेरीत दोन हिस्से. तिसऱ्या फेरीत पूर्ण. ट्रॅक्टरसारख्या मोठ्या इंजनाला पुष्कळ नट असतात. तिथं मधल्या नटापासून सुरुवात करून आलटून पालटून कडेला जायचं. बायका भाकरी मधून कडेला थापत नेतात, तशीच तऱ्हा. कडा आधी दाबल्या, तर मधलं गास्केट फुगतं. पुस्तिकेत इंजनाचं चित्र असतं आणि नटांवर आकडे घातलेले असतात. माझी पुस्तिका त्या वेळी कोनाड्यात होती. तेलाच्या बाटलीखाली.

पूर्ण जोर म्हणजे किती? तोही आकडा पुस्तिकेत असतो. समजा, ६ किलो-मीटर लिहिलं आहे. त्याचा अर्थ असा. पाना एक मीटर लांब असेल, तर टोकाला ६ किलोची ओढ. पाना अर्धा मीटर असेल, तर १२ किलोची. पाव मीटर असेल, तर २४ किलोची. काही पुस्तिकांत न्यूटन-मीटर लिहिलेलं असतं. १० न्यूटन-मीटर म्हणजे जवळजवळ १ किलो-मीटर. हा जोर मोजणारा टॉर्क पाना मिळतो. चार-पाच घरांनी मिळून एक घ्यावा. तो नसेल, तर बाजारात वजनाला वापरतात तो स्प्रिंगचा काटा पान्याच्या टोकाला अडकवा आणि ओढा. लांबी नटाच्या मध्यापासून काट्यापर्यंत मोजा. काटा पान्याशी काटकोनात धरा. झटका देऊ नका. सावकाश ओढा. अगदी बिनचूक येत नाही, पण माझ्या पाइपापेक्षा शंभर पटीनं बरं.

नट बसले, की टॅपेटची फट फिलर पट्टीनं तपासा. हेड खाली बसलं, की ती फट बदलते. हे पुष्कळ जण विसरतात, मग व्हॉल्व जळतो, आणि दोष गास्केटला देतात. मग इंजन सुरू करा. तासभर चालवा. पूर्ण गार झालं, की पुस्तिकेत सांगितलं असेल तर नट त्याच क्रमानं पुन्हा एकदा आवळा. मग टॅपेट परत पाहा.

येत्या बुधवारी मी माझं जुनं हेड आणि स्प्रिंगचा काटा इथं घेऊन येतो. तुम्ही आपापले पाने आणा, आणि घरात असेल ती पुस्तिका आणा. एकेकानं आवळून पाहू.