पाण्याचा हिस्सा माणसी



अध्यक्षाने प्रथम आभार मानावेत हा प्रघात बाजूस सारून मी आज थेट तक्रारच मांडणार आहे, आणि पाणलोटक्षेत्र विकासाची स्तोत्रे गाणारे सारेच, मग ते सरकारी दफ्तरातले असोत, संस्थांतले असोत की आपल्या साहित्यातले, माझे प्रतिवादी आहेत. बांध घातल्याने पाणी अडते, जिरते आणि विहिरींची पातळी चढते, याबद्दल माझा वाद नाही. अहिल्यानगर जिल्ह्याच्या पर्जन्यछायेत राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार ही गावे उभी असताना तो घालावा कोणी? माझा सवाल एवढाच, की हे वाढलेले पाणी कोणाच्या घरी गेले?

चैत्राच्या उन्हात, टेकडीच्या माथ्यालगत, दोन फूट रुंद आणि एक फूट खोल समतल चर टिकावाने मुरुमात खोदणारी बाई पाहा. निघालेली माती ती उताराच्या अंगाला रचते, कारकून टेप धरून मोजणी करतो, आणि जेवढे घनमीटर भरतील तेवढीच मजुरी तिच्या पदरात पडते. आषाढात त्या चरात थांबलेले पाणी खडकाच्या भेगांतून उतरत पायथ्याच्या विहिरीला लागते. परंतु तिच्या नावे सातबारा नसल्यामुळे विहीरही नाही, आणि काम पुरे होताच माथ्यावर चराईबंदी लागू होऊन, दुखण्याखुपण्याला हाताशी असणाऱ्या तिच्या दोन शेळ्यांना मात्र बाजार दाखवावा लागतो. पायथ्याच्या बागाईतदाराने कांद्याचे दुसरे पीक काढले, की अहवालात ‘गावाचे उत्पन्न वाढले’ अशी नोंद होते. गाव म्हणजे कोण, हे त्या अहवालाला कोणी विचारीत नाही.

हे अपरिहार्य आहे, असे मला कोणी सांगू नये. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावी देवस्थानची चाळीस एकर बरड जमीन कसावयास घेतली आणि त्या अनुभवातून पाणी पंचायत उभी केली, तेव्हा तिच्या नियमांत पाण्याचा हक्क जमिनीला न चिकटवता माणसाला दिला: माणसी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास फार तर अडीच एकरांचे, भूमिहीनालाही हिस्सा, जमीन विकली तरी पाणी विकता येणार नाही, आणि उसाला मज्जाव. साळुंख्यांचा सत्कार आपण केला. त्यांचे नियम मात्र कपाटात ठेवले, कारण त्यांचा अंमल करू जाता दुखावणारी मंडळी गावच्या चावडीवरच बसलेली असतात.

या मंडळींचा युक्तिवाद ठरलेला आहे: जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी त्याचे. १८८२ चा ईझमेंट कायदाही त्यांच्या बाजूने उभा आहे. परंतु पाऊस गावच्या गायरानावर पडला, बांध खजिन्याच्या पैशातून झाला आणि चर भूमिहीनाच्या घामातून, तर त्या सर्वांची पुंजी एकाच खातेदाराच्या मोटारीने उपसावी, हा न्याय कुठला? त्यातही विहिरीचे पाणी उपसून प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात उन्हाला आटवीत ठेवणे, ही तर सार्वजनिक ठेवीची उघड लूट आहे. हिवरे बाजाराने पावसाळ्यानंतर पाणी मोजून, ग्रामसभेत पिके ठरवून आणि शेतीसाठी विंधणविहिरींना बंदी घालून दाखवली. म्हणजे खासगी उपशाला गावाने लगाम घालणे शक्य आहे, हे सिद्ध झालेलेच आहे.

आणि लेखकहो, आपली तरी जबाबदारी टळते का? आपल्या कथांत भेगाळलेली भुई आहे, आभाळाकडे लागलेले डोळे आहेत; पण पाऊस चांगला होऊनही ज्या घरच्या बाईला एप्रिलमध्ये दुसऱ्याच्या विहिरीवर मिन्नतवारी करावी लागते, ते घर मला आपल्या पानांत क्वचितच भेटले.

म्हणून हा ठराव मी अध्यक्षपदावरून स्वतः मांडतो: कोणत्याही पाणलोट कामास मंजुरी देण्यापूर्वी भूमिहीनांचा पाण्यातील, गवतातील आणि सरपणातील हिस्सा ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यावा, आणि तो लिहिला नसेल तर मंजुरी रद्द समजावी. ज्यांचा विरोध असेल त्यांनी याच मंडपात उभे राहून कारणे सांगावीत. मी ऐकून घेण्यास आणि उत्तर देण्यास सिद्ध आहे.