निकालापूर्वी चौकशी



कामगार-संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने संगणकाच्या ग्राफिक्स कार्डावर बोलावे, याचे आपणांस नवल वाटत असेल. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. पण यंत्र बंद पडले की दोष कोणाच्या माथी मारला जातो, हा विषय आम्ही तीस वर्षे अभ्यासला आहे; आणि आजचे बोलणे मुळात त्याच विषयावर आहे.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलाने उमेदवारीच्या विद्यावेतनातून पैसे साठवले, सुटे भाग आणले आणि खेळांसाठीचा संगणक स्वतःच जोडला. बटण दाबले, पंखे फिरले, दिवे लागले, मॉनिटर मात्र काळाठिक्कर. दुकानदार फोनवर म्हणाला, “कार्ड तुम्हीच जाळलेत, परत घेणार नाही.” वडील म्हणाले, “तुझ्या हाताला यशच नाही.” पोर दोन दिवस धड जेवले नाही. खरे सांगायचे तर आमचीही पहिली ओढ दुकानावर चाल करून जाण्याचीच होती. परंतु चौकशीवाचून शिक्षा नको, हे आम्ही व्यवस्थापनाला जन्मभर सुनावले. तोच नियम आम्हांला लागू नको काय?

तेव्हा आम्ही चौकशीला बसलो. हात मुलाचे, प्रश्न आमचे.

पहिला प्रश्न, मॉनिटरची केबल कोठे लावली? पुष्कळांचे घोडे येथेच पेंड खाते. संगणकाच्या पाठीमागे मदरबोर्डाची खोबण असते, तशी कार्डाचीही असते. केबल मदरबोर्डाला लावली आणि प्रोसेसरमध्ये स्वतःची चित्रव्यवस्था नसली, तर कार्ड धडधाकट असूनही अंधारच. येथे केबल कार्डालाच होती.

दुसरा प्रश्न, दिवे काय सांगतात? बऱ्याच मदरबोर्डांवर बिघाड दाखवणारे बारीक दिवे असतात. त्यांतला ‘व्हीजीए’ म्हणजे चित्राचा दिवा जळत राहिला होता. मुलगा म्हणाला, “बघा काका, कार्डच गेले.” आम्ही म्हणालो, “बाळा, हे आरोपपत्र झाले, निकाल नव्हे.” कार्डाशी बोलणे होत नाही, एवढेच तो दिवा सांगतो, का होत नाही, ते सांगत नाही.

तिसरा प्रश्न, कार्ड नीट बसले आहे काय? वीज बंद करून, प्लग काढून, कार्ड बाहेर घेतले आणि सरळ दाबून पुन्हा बसवले. खटका टक्‌कन वाजला. तरी अंधार कायम.

चौथा प्रश्न आमच्या धंद्यातला: त्याच्या पोटाला पुरेसे मिळते काय? स्लॉटमधून कार्डाला फार तर ७५ वॅट मिळतात. मोठ्या कार्डाचे तेवढ्यावर भागत नाही, म्हणून पॉवर सप्लायमधून वेगळी केबल आणावी लागते. ६ पिनांचा प्लग ७५ वॅटांचा, ८ पिनांचा १५० वॅटांचा. बहुतेक केबलींचे टोक ६ आणि २ असे दुभंगलेले असते. मुलाने ८ पिनांच्या खोबणीत ६ पिना बसवल्या होत्या. उरलेल्या २ बाजूला लोंबत होत्या. पूर्ण क्षमतेची केबल जोडली आहे की नाही, हे कार्ड त्या दोन पिनांवरूनच ओळखते. त्या बसवल्या आणि चित्र उमटले. कार्ड कामचुकार नव्हते. अर्ध्या शिध्यावर पुरे काम करण्यास त्याने नकार दिला होता.

एवढ्यानेही उजेड पडला नसता, तर ते कार्ड दुसऱ्या चालू संगणकात लावून पाहावे. एका वेळी बदल एकच करावा; दोन केले, तर गुण कशाने आला ते कळत नाही. प्रोसेसरचाही ८ पिनांचा प्लग असतो. तो दिसायला भाऊच, पण त्याच्या तारांची मांडणी उलटी. तो कार्डात कधीही कोंबू नये.

आता कोणी म्हणेल, शेवटी चूक मुलाचीच ठरली! ठरली खरी. पण गोष्ट येथे संपत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात एनव्हिडिया कंपनीच्या आरटीएक्स ४०९० या नव्या कार्डाचे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या. हा प्लग १६ पिनांचा, ६०० वॅटांपर्यंतचा. नोव्हेंबरात कंपनीने सांगितले की, प्लग पूर्ण न बसणे हे त्यामागचे एक सामान्य कारण दिसते. असेलही. पण २०२३ मध्ये त्या प्लगच्या खोबणीचा नमुनाच सुधारण्यात आला. जाणीव देणाऱ्या पिना आखूड केल्या. हेतू हा की, प्लग अर्धवट बसला तर कार्डाने वीज ओढूच नये. याने सगळ्याच तक्रारी मिटल्या असे नव्हे. पण दिशा योग्य होती. १९४८ च्या कारखाना कायद्याने हेच केले होते. ‘कामगारा, हात सांभाळ,’ एवढे सांगून तो थांबला नाही. यंत्राच्या धोक्याच्या भागांना कुंपण घालण्यास त्याने भाग पाडले. माणूस चुकणार, हे गृहीत धरूनच यंत्र घडवले पाहिजे.

चित्र उमटले तेव्हा वडील मुलाला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र घरातला बंद पडलेला मिक्सर त्यांनी त्याच्यापुढे आणून ठेवला. आमच्या लेखी तोच निर्दोष सुटकेचा हुकूम होता.