घुबड, धामण आणि आपली भीती

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात मी अभ्यास, परीक्षा किंवा शिस्त यांविषयी बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. त्या विषयांवर माझ्यापेक्षा अनुभवी वक्ते आपणांस लाभलेले आहेत. मी घुबडाविषयी आणि सापाविषयी बोलणार आहे. शिक्षणसंस्थेच्या व्यासपीठावर हा विषय कशासाठी, असे कोणास वाटेल. परंतु आपल्या मुलांना भीतीचे पहिले धडे शाळेत मिळत नाहीत, ते घरात मिळतात. आणि हे धडे चुकीचे असतील तर त्यांची किंमत कधी कधी जिवाने मोजावी लागते. म्हणून हा विषय मी मुद्दाम पालकांसमोर मांडत आहे.

आपल्या जुन्या शहरात अजूनही जाड भिंतींची, धाब्याची घरे आहेत. मोर्णेच्या काठी असदगडाच्या भिंती आहेत, जुनी झाडे आहेत. अशा जागी राहणारा एक पक्षी म्हणजे गव्हाणी घुबड. चेहरा पांढरा, बदामाच्या आकाराचा. डोळे माणसासारखे समोर. रात्री तो डोक्यावरून जातो तेव्हा पंखांचा आवाज होत नाही, आणि ओरडतो तेव्हा अंगावर काटा येतो. त्याची पिल्ले अन्न मागताना जो आवाज काढतात तो थेट माणसाच्या घोरण्यासारखा असतो. बंद पडलेल्या घराच्या माळ्यावरून रात्री घोरण्याचा आवाज आला की मोहल्ल्यात काय बोलले जाते, हे मी आपणांस सांगावयास नको. तेथे जिन्नाचा वास आहे अशी वार्ता पसरते, मुले त्या गल्लीतून जाणे सोडतात, आणि माळ्यावर पाच-सहा उपाशी पिल्ले आईबापांची वाट पाहत बसलेली असतात.

घुबड कौलावर बसले तर घरात मयत होते, असा समज आहे. दुसरा समज असा की, घुबडास दगड मारला तर ते तो दगड झेलून नदीवर नेते आणि घासत बसते. दगड झिजतो तसतसा मारणारा मनुष्य झिजतो. (या समजामुळे निदान काही दगड तरी मुलांच्या हातातच राहिले असतील!) हे समज हिंदू शेजाऱ्यांकडे आहेत, तसेच आपल्याकडेही आहेत. भीतीच्या बाबतीत आपण सर्व एका गावचे आहोत.

वास्तविक आपल्या धर्मात या समजास जागा नाही. इस्लामपूर्व काळी अरब लोकांत अशी समजूत होती की, खून झालेल्या माणसाचा बदला घेतला गेला नाही तर त्याच्या डोक्यातून एक पक्षी निघतो आणि बदला मिळेपर्यंत ओरडत राहतो. त्या पक्ष्यास ते ‘हामा’ म्हणत आणि घुबडाशी त्याचे नाते जोडत. घुबड घरावर बसले की मृत्यूची सूचना आली, असेही ते मानीत. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पक्ष्यांवरून शकुन-अपशकुन पाहणे आणि ही ‘हामा’ची कल्पना या दोन्ही गोष्टी नाकारल्या. ही हदीस सहीह बुखारीत आहे. म्हणजे जो समज चौदाशे वर्षांपूर्वी अरबस्तानात मोडीत काढला गेला, तो आपण अकोल्यात मगरिबनंतर मुलांना शिकवीत आहोत. सूरह अल-अनआममध्ये जमिनीवर चालणाऱ्या आणि पंखांनी उडणाऱ्या जीवांनाही माणसांप्रमाणेच उम्मती म्हटले आहे. त्यांपैकी एकास मृत्यूचा दूत ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

आता हा पक्षी खरोखर काय करतो ते पाहू. घुबड आपले भक्ष्य बहुधा अख्खे गिळते. हाडे आणि केस पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते तोंडावाटे बाहेर टाकते. घुबडाच्या बसण्याच्या जागेखाली अशा अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या पडलेल्या आढळतात. एका पडक्या भिंतीखालून अशा गोळ्या आणून आम्ही वर्गात कोमट पाण्यात भिजविल्या आणि चिमट्याने सोडविल्या. एकेका गोळीत दोन-दोन, तीन-तीन कवट्या निघाल्या. उंदरांच्या, आणि मधूनच एखादी चिचुंद्रीची. प्रथम नाक मुरडणारी मुलेच नंतर जबडे मोजण्यावरून भांडू लागली. एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, एवढे उंदीर आमच्या कोठीत राहिले असते तर?” या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी ज्यांची शेती आहे किंवा ज्यांचा धान्याचा व्यापार आहे, त्यांनी मनाशीच द्यावे. ज्वारी, तूर, हरभरा यांचे पोते कुरतडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. उंदीर मारण्यासाठी आपण विष विकत आणतो. ते विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडही मरते.

मलेशियात ताडतेलाच्या बागांतून उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी लाकडी पेट्या बसवून हीच जात मुद्दाम वसविली गेली. जॉर्डनमध्येही घुबड अपशकुनी मानले जात असे. तेथील शेतकऱ्यांनी २००२ च्या सुमारास शेतात अशा पेट्या लावण्यास सुरुवात केली. हे दोन्ही मुस्लिम देश आहेत. तेथील शेतकऱ्यास जे पटले ते वऱ्हाडच्या शेतकऱ्यास न पटण्याचे कारण मला दिसत नाही.

घुबडाचाच एक छोटा भाऊबंद आपल्या अगदी जवळ आहे, आणि त्याची कथा विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. त्याचे नाव रानपिंगळा. अकोटच्या पलीकडे नरनाळ्याचा किल्ला आहे आणि त्यामागे मेळघाट. त्या सागवानी जंगलात हा पक्षी राहतो. १८७३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याची प्रथम नोंद केली. १८८४ मध्ये त्याचा शेवटचा नमुना मिळाला, आणि त्यानंतर तो कोणास दिसेना. तो नष्ट झाला असेच बहुतेकांनी धरले. मध्यंतरी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तो मिळविल्याचे दाखविले होते. पुढे उघड झाले की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला जुनाच होता आणि त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती! ही लबाडी उघडकीस आणणाऱ्या अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी खोटी जागा सोडून खऱ्या जुन्या नोंदींचा माग काढला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, म्हणजे ११३ वर्षांनी, त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला.

त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या वतीने सातपुड्यात त्याचा शोध घेतला गेला आणि मेळघाटातही तो सापडला. हे काम करणारे दोन अभ्यासक होते फराह इश्तियाक आणि असद रहमानी. ही नावे मी मुद्दाम घेतो. ज्या संस्थेत सलीम अलींनी आयुष्य वेचले, त्याच संस्थेसाठी एक मुस्लिम तरुणी सातपुड्याच्या जंगलात घुबडाच्या मागे फिरली आणि तिचे निष्कर्ष जगभरच्या अभ्यासकांनी वाचले. “मुलींना विज्ञान शाखेत घालून पुढे काय?” असे विचारणाऱ्या पालकांस हे उत्तर पुरेसे व्हावे. स्वतः सलीम अली लहानपणीच आईवडिलांना मुकले होते, मामांच्या घरी वाढले, आणि एका चिमणीचे नाव शोधण्यासाठी सोसायटीच्या दारात गेले. तेथून पुढे ते १९७६ च्या पद्मविभूषणापर्यंत पोहोचले.

भीतीइतकाच लोभही वाईट. जादूटोण्यासाठी घुबडे पकडून विकली जातात. मांडूळ, ज्यास आपण दुतोंड्या म्हणतो, तो गुप्तधन दाखवितो अशा थापेवर चोरून विकला जातो. बिचाऱ्याची शेपटी बोथट आहे एवढाच त्याचा गुन्हा. तोंड एकच असते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि हा व्यवहार त्याखाली गुन्हा आहे. झटपट श्रीमंतीच्या आशेने आपल्या समाजातील कोणी तरुण अशा दलालाच्या नादी लागला तर कारागृहाची वाट धरेल, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

आता सापांकडे वळतो. येथे मात्र मी असे म्हणणार नाही की भीती निराधार आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा शास्त्रज्ञांचा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील बहुतेक खेड्यांतील, आणि निम्मे मृत्यू पावसाळ्यातील. भीती आहे ती योग्यच. ती चुकीच्या जागी लागली आहे.

आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. आणि मारला जातो कोण? बहुधा धामण. ती सहा-सात फूट लांब असते, दिवसा फिरते, नागासारखी दिसते, म्हणून दिसली की काठ्या निघतात. तिच्याविषयीचे समज तर ऐकण्यासारखे आहेत. ती ढोराच्या पायास वेटोळे घालून दूध पिते म्हणतात. सापाच्या तोंडाची रचनाच अशी आहे की त्यास आचळ चोखता येणार नाही, आणि त्या दातांनी गाय लाथ मारल्याशिवाय राहणार नाही. तिच्या शेपटीत विष असते म्हणतात. धामणीस विष नाहीच, ना शेपटीत, ना दातांत. ती गोठ्यात येते ती उंदरांमागे. नागीण डोळ्यांत मारेकऱ्याचे चित्र साठवून सूड घेते, हा समज १९७६ च्या ‘नागिन’ चित्रपटासारख्या कथांनी घट्ट केला. सापाच्या मेंदूत असला हिशेब ठेवण्याची सोयच नाही.

कोणी म्हणतील, मास्तर, इजा करणाऱ्या प्राण्यास मारण्याची शरियतमध्ये मुभा आहे. आहे, मी नाकारीत नाही. परंतु ज्याने इजा केली नाही आणि जो करू शकत नाही, त्यास केवळ आकारावरून मारणे त्या मुभेत कसे बसेल? घरात साप निघाल्यास मुलांना दूर करून लांबून त्यावर नजर ठेवावी आणि सर्पमित्रास किंवा वनविभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे.

याहून मोठा प्रश्न दंश झाल्यानंतरचा आहे. साप चावला की प्रथम मांत्रिकाकडे किंवा झाडफूक करणाऱ्याकडे धाव घेतली जाते. त्याच्याकडे गेलेले पुष्कळ बरे होतात, ही गोष्ट खरी आहे. कारण असे की, पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण झाडाखाली बसवून ठेवले असते तरी बरे झाले असते. श्रेय मात्र मंत्रास मिळते, आणि त्या कीर्तीवर विश्वासून ज्यास खरे विष भिनले आहे तोही तेथेच नेला जातो. दुवा करण्यास कोणाचा विरोध नाही; दुवा रुग्णवाहिकेत बसूनही करता येते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात, साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसास उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरविला आहे.

विषावर उतारा एकच, तो म्हणजे प्रतिविष लस. ती या चारही सापांच्या विषावर चालते आणि घोड्याच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिनमध्ये ती बनविली जाते. मूल लहान आहे म्हणून तिचा डोस कमी करावयाचा नसतो, कारण सापाने विष मोजून दिलेले नसते.

म्हणून पालकांनी एवढे पाठ करावे. दंश झालेल्यास पळवू नये, चालवू नये. हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतो तसा तो अवयव स्थिर करावा. अंगठी, बांगडी, पैंजण काढावे. दोरीने करकचून आवळू नये, ब्लेडने कापू नये, तोंडाने चोखू नये. साप पकडण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करावा आणि थेट दवाखाना गाठावा. अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे.

आणि मण्यारीविषयी एक गोष्ट निराळी सांगतो. ती रात्री जमिनीवर झोपलेल्यास चावते. खूण पुष्कळदा दिसत नाही, आगही होत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठते, त्याच्या पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. पावसाळ्यात मुलांना शक्यतो खाटेवर झोपवावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. आणि जमिनीवर झोपलेले मूल पहाटे असे उठले तर उजाडण्याची वाट न पाहता निघावे.